मंगळावरची ज्वारी

या आठवड्यात जिना आणि बाहेरचा फुटपाथ झाडायची पाळी आमची. इकडे जर्मनीत तिला केअरवोखे म्हणतात. शेजारणीने पाळीची पाटी आपल्या कडीवरून काढून आमच्या कडीला लटकवली की सुटका नाही. त्यातून ऑक्टोबरात ही पाळी येणं म्हणजे नशीबच फुटकं. रात्रभर पानं गळतात, त्यांवर नेकार नदीवरचं धुकं येऊन बसतं, आणि सकाळी तो सगळा ओला लगदा खराट्याला चिकटून राहतो. समोरच्या टेकडीवर द्राक्षांची तोडणी संपत आलेली असते. ट्रॅक्टर उतारावरून खाली आले की चिरडलेल्या द्राक्षांचा आंबूस वास गल्लीत शिरतो. शेताच्या कडेला भोपळे मांडून ठेवलेले असतात, शेजारी पैसे टाकायचा डबा असतो आणि आसपास कोणी नसतं. लोक म्हणतात, काय सुंदर ऋतू आहे! असेल बाई. मला या वासामागोमाग गरम टोनरचा वास येतो आणि डोकं उठतं.

दहा-बारा वर्षं झाली असतील. नितीन, म्हणजे माझा नवरा, नेकारसुल्मच्या गाड्यांच्या कारखान्यात एका कंत्राटी कंपनीतर्फे इंजिनिअर होता. अजूनही आहे. आमच्या ओळखीतले बहुतेक मराठी पुरुष हेच काम करत, आणि त्यांच्या बायका माझ्यासारख्याच पुण्या-नाशकात काहीतरी सोडून आलेल्या. मी सोडली होती इंजिनिअरिंग कॉलेजातली शिकवायची नोकरी. सोडली म्हणजे बिनपगारी रजा घेतली होती. ‘सोडली’ म्हणायला जीभ रेटत नव्हती.

तर अशा आम्ही तिघाचौघांनी मिळून एक अंक काढायचं ठरवलं. मराठी विज्ञानकथांचा, घरच्या घरी, हौसेचा. दिवाळीला अंक हवाच. तो नसेल तर चकलीसुद्धा घशाखाली उतरत नाही, अशी आपली जात. नाव ठेवलं ‘शेजारग्रह’. संपादक मी आणि मिलिंद. मिलिंद म्हणजे नितीनचा ऑफिसातला मित्र, सदा उत्साहात, बोलायला लागला की समोरच्याचा चहा गार होणार. पीडीएफ काढायची नाही, यावर आमचं दोघांचं एकमत होतं. पीडीएफ कोणी वाचत नाही, असं आम्ही मोठ्या तोऱ्यात म्हणायचो. कागद हातात पडला की माणूस वाचतोच!

मी स्वतः गोष्ट लिहिली ती मात्र अंकासाठी नव्हती. ती एका माणसाने वाचावी म्हणून लिहिली होती.

त्याचं असं झालं. सप्टेंबरात कॉलेजातून प्राचार्यबाईंचा मेल आला. रजा आता वाढवता येणार नाही. पुढच्या सत्राला रुजू व्हा, नाहीतर राजीनामा द्या. दिवाळीच्या सुट्टीनंतर कळवा. मला परत जायचं होतं. इथे जर्मनचे वर्ग करून करून मी डॉक्टरची वेळ मागण्याइतकी आणि म्यूलच्या, म्हणजे कचऱ्याच्या, डब्यांवरून शेजाऱ्यांशी भांडण्याइतकी हुशार झाले होते, पण वर्गात खडू घेऊन उभी राहणारी मी कुठेतरी हरवत चालले होते. हे मी नितीनला सांगितलं. एकदा नाही, अनेकदा. भाजी वाढताना सांगितलं, एस-बानमध्ये, म्हणजे इथल्या लोकलमध्ये, शेजारी बसून सांगितलं. तो म्हणायचा, “हो गं, कळतंय मला. बघू. दिवाळी होऊ दे.” मग फोनवर काहीतरी बघायचा. वाईट माणूस नाही तो. शनिवारी न सांगता बेकरीतून ताजे ब्रेत्सेल आणतो, माझं डोकं दुखलं तर भांडी घासतो. पण “बघू” म्हटलं की त्याच्या दृष्टीने तो विषय मिटलेला असतो.

बोलून होत नाही तर लिहून बघू, असं मनाने घेतलं. गुरूच्या एका चंद्रावर खाणकाम चाललंय. तिथे एक इंजिनिअर आहे आणि त्याच्यासोबत आलेली त्याची बायको. तिच्या ओळखपत्रावर लिहिलेलं असतं ‘सहनिवासी’. तिच्या वाट्याचा प्राणवायूसुद्धा त्याच्या कंत्राटातून येतो. ती कितीदा सांगते की मला परत जायचंय. शेवटी ती घरातल्या यंत्रात स्वतःच्या आवाजातली उत्तरं भरून ठेवते. हो. झालं. नाही, काही नको. बरं. आणि मालवाहू यानात बसून निघून जाते. शेवटच्या पानावर तो कामावर निघतोय. तो दारातून म्हणतो, “निघतो गं, काही आणायचंय?” यंत्र म्हणतं, “नाही.” तो म्हणतो, “बरं.” यंत्र म्हणतं, “बरं. सांभाळून.” तो निघून जातो. ती गेल्याला तेव्हा सबंध हिवाळा उलटलेला असतो.

बस, एवढंच. विज्ञान त्यात नावालाच होतं. पण नितीन हे वाचेल, पुस्तक मिटेल आणि मला विचारेल, “हे तू आपल्याबद्दल लिहिलंयस का?” एवढ्या एका प्रश्नासाठी मी ते पान पुन्हा पुन्हा लिहिलं होतं. तो प्रश्न आला असता तर बाकीचं मी बोलणार होते.

मिलिंदची गोष्ट एकदम वेगळ्या पिंडाची. मंगळावर सोलापूरकडचा एक शास्त्रज्ञ ज्वारी पेरतो. यंत्रमानव निंदणी करतात, वादळं येतात, सगळे हताश होतात, आणि शेवटी लाल मातीतून हिरवा कोंब येतो. सगळे मिठ्या मारतात, पृथ्वीवरून टाळ्यांचा आवाज येतो. मी त्याला म्हटलं होतं, “अरे, इतक्या टाळ्या कशाला? एक-दोन कमी कर.” तो म्हणाला, “लोकांना आशा लागते गं. आपण इथे कशाच्या जिवावर राहतो?” टाळ्या तशाच राहिल्या.

अंक जुळवायचं काम आमच्या घरी झालं. शनिवार होता. कॉपीच्या दुकानातून पानांचे गठ्ठे आले, अजून कोमट. छपाई कागदाच्या एकाच बाजूला, कारण दोन्ही बाजूंना छापताना त्या दुकानातलं यंत्र अडकत होतं. जेवणाच्या टेबलाभोवती क्रमाने गठ्ठे मांडले, आणि आम्ही सगळे एकामागून एक टेबलाभोवती फिरत एकेक पान उचलत होतो. स्वयंपाकघरात चकल्या तळणं चालू होतं. मधेच धुराचा अलार्म कोकलला, सगळे तिकडे धावले, कोणी खिडक्या उघडल्या, टेबल सरकवलं, वाऱ्याने उडालेली पानं पुन्हा गठ्ठ्यांवर ठेवली. त्या गडबडीत मिलिंदच्या गोष्टीचा शेवटचा गठ्ठा माझ्या गोष्टीजवळ गेला आणि माझा त्याच्या. मग परत आम्ही टेबलाभोवती फिरलो, हसत, गाणी म्हणत, पिना मारत. पाकिटं तिथेच चिकटवली. मिलिंदने ती सगळी गाडीत टाकली आणि जाता जाता टपालात सोडली.

घर रिकामं झालं. नितीन सोफ्यावर बसला होता. त्याने एक अंक उचलला. मी स्वयंपाकघरातून पाहत होते, हातात तेलकट झारा, छातीत धडधड. लग्नाआधी त्याला भेटायला जाताना अशी धडधड झाली होती. त्याने अनुक्रमणिका पाहिली, माझं नाव शोधलं, पानं चाळली.

“मस्त जमलाय गं शेवट,” तो म्हणाला. “एकदम पॉझिटिव्ह.”

“पॉझिटिव्ह?”

“ज्वारीचं आवडलं मला. आईला पाठवतो.” आणि त्याने फोन काढून त्या पानाचा फोटो घेतलासुद्धा.

“कुठली ज्वारी?” मी विचारलं.

मी त्याच्या हातातून अंक घेतला. गुरूच्या चंद्रावरची माझी बाई यानाच्या दारापाशी उभी होती, आणि पान उलटताच मंगळावर ज्वारी उगवत होती. टाळ्या वाजत होत्या. खाली पान क्रमांकसुद्धा छापलेले होते: सतरानंतर थेट एकतीस! आंधळ्याला दिसावं असं.

“नितीन, तू आधीची पानं वाचलीस?”

“कल्पना आली ना. अगं, आमच्याकडे रिपोर्ट असाच वाचतात. आधी शेवटचं पान. निष्कर्ष बरोबर असेल तर मागचं बघायची गरज नसते.” त्याला खरंच वाटत होतं की तो मला काहीतरी शिकवतोय.

मला इतका राग आला की मी हातातला झारा टेबलावर आपटला. पण राग गिळून मी दुसऱ्या अंकाची पिन उचकटली, माझं खरं पान काढलं आणि त्याच्या लॅपटॉपशेजारी ठेवलं. म्हटलं, “हा माझा शेवट आहे. पानं चुकलीत. हे वाच. प्लीज.” तो म्हणाला, “हो, वाचतो.” सोमवारी ते पान तिथेच होतं. फक्त पालथं झालं होतं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर त्याने हाउसमाइस्टरचा, म्हणजे इमारतीची देखभाल करणाऱ्याचा, नंबर लिहून घेतला होता, हीटर गळत होता म्हणून.

मिलिंदला मी शनिवारी संध्याकाळीच फोन केला होता. तो म्हणाला, “गेली की पाकिटं टपालात. आता काय करणार? फोन येतील, सॉरी म्हणू.” मीही मनाची तयारी केली. माफीचं वाक्य पाठ केलं: पानं जुळवताना चूक झाली, क्षमस्व, बरोबर पान पाठवतो. पुढचा सबंध आठवडा मी त्या फोनची वाट पाहिली. बाहेर धुकं हटत नव्हतं. दुपारी दिवे लावावे लागत. टेकडीवरचे वेल पिवळे होऊन रोज थोडे थोडे उघडे पडत होते. आणि प्रतिक्रिया यायला लागल्या.

‘अंक अप्रतिम.’ ‘परदेशात राहून मराठी जपताय, हॅट्स ऑफ.’ त्यापुढे जोडलेले हात, त्यापुढे फुलं. व्हॉट्सॲप तेव्हा नवं नवं होतं, फुलांना तोटा नव्हता. स्टुटगार्टच्या एका वहिनींनी मला लिहिलं, ‘तुमच्या कथेचा शेवट वाचून डोळ्यांत पाणी आलं, आपली ज्वारी ती आपली ज्वारी.’ एका गृहस्थांनी मिलिंदला लिहिलं की यंत्रावर विसंबणाऱ्या माणसाचं चित्रण काळजाला भिडलं. त्याने मला ते पुढे पाठवलं, वर आनंदाने हसणारं तोंड. मी लिहिलं, “अरे, हे माझ्या पानाबद्दल आहे.” तो म्हणाला, “अरेच्चा, हो की!” आणि थोड्या वेळाने: “पण आवडलं ना लोकांना?”

सासूबाईंचा फोन आला. त्यांच्या हाती तेवढ्या एका पानाचा फोटोच पोचला होता, त्यांना काय दोष द्यायचा. म्हणाल्या, “छान लिहितेस गं. शेवट गोड केलास ते बरं झालं. हल्लीचे लेखक रडवतात नुसते.” मी म्हटलं, “हो आई.” त्यांनी विचारलं, “आणि तू बरी आहेस ना? रमलीस ना तिकडे?” मी म्हटलं, “हो आई.” दोन्ही ‘हो’ माझ्याच आवाजातले होते.

दिवाळीनंतरच्या रविवारी इथल्या मराठी मंडळाचा कार्यक्रम झाला. चर्चच्या मागचा हॉल भाड्याने घेतलेला, दारात ओल्या कोटांचा ढीग, आत मसालेभाताचा वास. लहान मुलं कोपऱ्यात जर्मनमध्ये भांडत होती आणि आया मराठीत ओरडत होत्या. अध्यक्षांनी माईकवर जाहीर केलं की जेवणाआधी ‘शेजारग्रह’वर वाचकांच्या प्रतिक्रिया ऐकू. मी पहिल्या रांगेत बसले होते, शेजारी नितीन.

एक वहिनी म्हणाल्या, अंक देखणा आहे, फक्त एखादी पाककृती असती तर पूर्ण वाटला असता. एक जण उठला, हातात मोबाइल, त्यावर आकडेमोड. मला म्हणाला, “ताई, तुमच्या कथेत ज्वारीला लागणाऱ्या पाण्याचा हिशेब कुठेच दिलेला नाही. मंगळावर हवेचा दाब इतका कमी, पाणी टिकेल कसं?”

“माझी गोष्ट मंगळावर घडत नाही,” मी म्हटलं.

“आल्झो, म्हणजे, शेवटी तर मंगळच आहे.”

“सुरुवातीला कुठे आहे?”

तो जरा गोंधळला. अध्यक्ष हसत म्हणाले, “लेखिकेची परीक्षा नको आणि आपलीही नको!” सगळे हसले. मग कोणीतरी मिलिंदच्या शेवटाची तारीफ केली, आणि मिलिंद उभा राहून चक्क “थँक यू” म्हणाला. तेव्हा माझ्याने राहवलं नाही. मी उठले. माईक नव्हता, पण वर्गात शिकवलेल्या बाईला माईक लागत नाही. म्हटलं, “ज्यांच्याकडे अंक आहे त्यांनी पान सतरा उघडा. आता ते पान उलटा. काय नंबर आहे?”

थोडी खुसपूस झाली. अंक आणलेला होता तरी किती जणांनी! एक बाई म्हणाल्या, “एकतीस?” मग हळूहळू हशा पिकला. “अरे, खरंच की!” “म्हणजे अदलाबदल झालीये!” “तरी मला वाटलंच होतं.” हे शेवटचं वाक्य बोलणारा माणूस मला अजून दिसतो. अध्यक्ष माईकवर म्हणाले, “बघा, आपल्या लेखकांची ताकद! शेवट कुठलाही लावा, गोष्ट छानच वाटते!” जोरात टाळ्या पडल्या. मिलिंदच्या मंगळावर पडतात तशाच. मग जिलेबी गरम आहे म्हणून सगळे रांगेत गेले, आणि मी उभीच्या उभी राहिले.

परतताना गाडीत नितीन म्हणाला, “चारचौघांत असं बोलायचं नसतं गं. बिचाऱ्यांनी कौतुकच केलं होतं.”

“तू वाचलंस ते पान?”

“अगं, हा आठवडा फार धावपळीत गेला. वाचणार आहे. बघू, पुढच्या वीकेंडला.”

वायपर फिरत होते. पाऊस नव्हता, नुसतं धुकं काचेवर पाणी होऊन बसत होतं. रस्ता दिसत नव्हता म्हणून तो पुढे झुकून, जीव एकवटून गाडी चालवत होता. इतकं लक्ष देता येतं याला, असं माझ्या मनात आलं.

दुसऱ्या दिवशी मी प्राचार्यबाईंना राजीनामा पाठवला. तुम्ही म्हणाल, मग गेलीस का नाहीस? तिकीट काढायचं, बॅग भरायची, कोण अडवणार होतं? खरं आहे, कोणीच अडवलं नसतं. नितीनने विमानतळावर सोडलं असतं, सामानाचं वजनसुद्धा करून दिलं असतं. पण भांडून जायला समोर भांडणारा लागतो. रडून जायला रडू दिसणारा लागतो. ज्याला मी जातेय हेच कळलं नसतं, त्याच्यापासून दूर जायचं म्हणजे नक्की कुठून निघायचं, ते मला कळेना. मी दमले होते. राजीनाम्याचा मेल दोन ओळींचा झाला आणि तो लिहिताना एकही शब्द खोडावा लागला नाही, याचीच मला भीती वाटली.

त्याच आठवड्यात एक फोन आला. सायली नावाची मुलगी, येनाच्या विद्यापीठात प्रकाशशास्त्रात पीएचडी करत होती. ओळख नव्हती, कोणाच्या तरी हाती तिच्याकडे अंक पोचला होता.

“ताई, उशिरा कळवतेय, रागावू नका. प्रयोगशाळेतून यायला उशीर होतो, म्हणून रोज ट्राममध्ये थोडं थोडं वाचत होते. तुमच्या गोष्टीचं शेवटचं पान चुकीचं लागलंय, माहितीये ना? मला आधी कळेना. मग एकतीसच्या जागी काय आहे म्हणून पुढे जाऊन पाहिलं, तर तुमचं पान तिथे होतं. मी पिना काढून नीट लावून घेतला अंक.”

ती बोलत राहिली. त्या बाईने यंत्रात भरलेल्या उत्तरांबद्दल बोलली. ‘झालं’ हे उत्तर ती दोनदा भरते, एकदा खुशीत आणि एकदा थकून, ते तिला फार आवडलं होतं. मी ते लिहिलंय हे मीच विसरले होते. मग म्हणाली, “एक विचारू? आगाऊपणा वाटला तर सोडून द्या. ताई, तुम्ही परत चाललायत का?”

खिडकीतून टेकडी दिसत होती. वेलांवर एक पान उरलं नव्हतं. इतके दिवस मी ज्या एका प्रश्नासाठी कान टवकारून बसले होते तो आला होता, येनाहून, ज्या मुलीचा चेहरा मला माहीत नाही तिच्या तोंडून. चार दिवस आधी आला असता तर! मला रडू फुटलं. फोन लांब धरला, नाक पुसलं, मग म्हटलं, “नाही गं. गोष्ट आहे ती नुसती.”

“हो का,” ती म्हणाली. तिला पटलं नव्हतं. चांगली वाचक होती ती.

‘शेजारग्रह’ तेवढ्यावरच संपला. पुढच्या वर्षी मंडळाने रंगीत स्मरणिका काढली. जाहिराती, रांगोळ्या, आणि हो, पाककृती. मिलिंद नोकरी बदलून म्युनिकला गेला. सायलीचा नंबर जुन्या फोनबरोबर गेला. कॉलेजात माझ्या जागी आलेली बाई आता विभागप्रमुख आहे म्हणे. मी इथे एका कंपनीत जर्मनमधून सूचना-पुस्तिका तपासते, यंत्रं कशी वापरावीत त्याच्या. पानांचा क्रम बरोबर आहे ना, हे बघणं माझ्या कामात येतं. नितीनने ते पान कधी वाचलं नाही. मीही पुन्हा विचारलं नाही. हीटर दुरुस्त झाला तेव्हा ते रद्दीत गेलं असावं.

आज सकाळी ओली पानं गोळा करून मी ओल्या कचऱ्याच्या तपकिरी डब्यात टाकली, जिना पुसला, पाटी शेजारच्या कडीला लटकवली. हातांना द्राक्षाच्या चोथ्याचा तोच आंबूस वास. नितीन कोट घालून खाली आला. जिना स्वच्छ दिसला, तेव्हा म्हणाला, “अरे वा, झाडलोट केलीस पण? मी संध्याकाळी करणार होतो.”

“झालं,” मी म्हटलं.

त्याने गाडीची काच पुसली, दार उघडलं.

“निघतो गं. काही आणायचंय?”

“नाही.”

“बरं.”

“बरं. सांभाळून,” मी म्हटलं.

गाडी वळणापर्यंत गेली आणि धुक्यात दिसेनाशी झाली. त्या पानाची प्रत माझ्याकडे नाही. लागतही नाही.